गाडीतळ आणि पंगत



आजच्या विषयाला एका अगदी घरगुती प्रसंगाने प्रारंभ करतो. घरी पाहुणे आलेले असतात, संध्याकाळी बाहेर जेवावयास जावे असे ठरते आणि कोठे जायचे याची चर्चा सुरू होते. पूर्वी ही चर्चा पदार्थांविषयी होत असे. कोणाची मिसळ झणझणीत, कोणाच्या खानावळीत पोळी गरम मिळते, कोणाकडची भाजी घरच्यासारखी, असे पक्ष पडत आणि त्यांवर मोठ्या हिरिरीने वाद होत. आता वाद सुरू होण्यापूर्वीच एखादा व्यवहारी मनुष्य विचारतो, "पण तिथे गाडी लावायला जागा आहे का?" या एका प्रश्नापुढे पंधरा वर्षांची आवडती खानावळ बाद होते, आणि बेताचे जेवण देणारे, परंतु पुढे ऐसपैस पटांगण असलेले उपाहारगृह निवडून येते.

हा प्रश्न मोटारीबरोबर जन्मास आला, असा आपला समज असतो. वस्तुतः तो फार जुना आहे. मनुष्य वाहनावर बसून परगावी जाऊ लागला आणि तेथे पैसे देऊन जेवू लागला, त्या दिवसापासून जेवणाऱ्याच्या पानाबरोबर त्याच्या वाहनाच्या जागेचीही व्यवस्था करावी लागली. आपल्या भाषेने तर तिच्यासाठी एक सुरेख शब्दही घडविला आहे. पुण्याजवळ हडपसरला गाडीतळ आहे; जुन्या बाजाराकडेही त्याच नावाची जागा आहे. तेथून रोज बसने जाणाऱ्या हजारो लोकांना त्या शब्दाचा अर्थ आठवतही नसेल. गाडीतळ म्हणजे गाड्या सोडण्याचा तळ. जू उतरवावे, बैल मोकळे करावेत, त्यांच्यापुढे वैरण टाकावी आणि मग आपण भाकरी सोडावी, असा तो क्रम होता. आधी जनावराचे पोट, मग आपले. आजचा 'वाहनतळ' हा त्याच तळाचा शहाणासुरता नातू होय.

या तळाचा इतिहास पाहताना तीन प्रश्न सतत डोळ्यांपुढे ठेवावेत, अशी माझी विनंती आहे. वाहन कोठे उभे राहिले? ती जागा कोणाची होती? आणि तिचे मोल कोणी दिले? यांतील तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि तोच सर्वांत कमी विचारला जातो.

इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेलेले पॉम्पेई हे नगर उत्खननाने पुन्हा उजेडात आले, तेव्हा नगराच्या वेशींजवळ खाणावळवजा पांथशाळा सापडल्या. त्यांना मागे अंगण आणि तबेले होते. काहींच्या दारापुढचा पदपथ उतरता केलेला आढळला, तो गाडी आत घेता यावी म्हणून. नगराच्या मध्यभागी मात्र अन्न विकणारी पुष्कळशी दुकाने अशी आहेत की त्यांचा कट्टा थेट रस्त्यावर उघडतो आणि गाडीला आत वाव नाही. याचा अर्थ उघड आहे. परगावचा गाडीवाला वेशीशी जेवे, गावातला पायी चालणारा पेठेत जेवे. खुद्द रोममध्ये तर ज्यूलियस सीझरच्या काळातील मानल्या जाणाऱ्या एका कायद्याने सूर्योदयापासून दिवसाच्या दहाव्या तासापर्यंत गाड्यांना नगरात मज्जाव केला होता. देवालयांच्या बांधकामासारख्या सार्वजनिक कामांपुरतीच सवलत होती. दोन हजार वर्षांपूर्वी एका महानगराने असा निर्णय घेतला की, सर्वांच्या गाड्यांना रस्ता पुरणार नाही, तेव्हा दिवसा रस्ता चालणाऱ्यांचा.

आपल्याकडे शेरशहाने १५४० ते १५४५ या अल्प कारकीर्दीत हमरस्त्यांवर दर दोन कोसांना सराया बांधविल्या, असे अब्बास सरवानी या इतिहासकाराने नमूद केले आहे. त्यांत हिंदू आणि मुसलमान प्रवाशांसाठी निरनिराळी सोय असे, आणि प्रवाशाच्या अन्नाबरोबर त्याच्या घोड्याच्या दाण्याचाही विचार केलेला असे. जागा सरकारची आणि खर्चही सरकारचा. शेरशहाचा हेतू केवळ धर्मादाय नव्हता. डाक आणि सैन्य वेगाने हलावे, व्यापार वाढावा आणि महसूल यावा हाही होता. तळावर केलेला खर्च तो दुसऱ्या मार्गाने वसूल करीत होता, आणि हे त्याला पक्के ठाऊक होते.

इंग्लंडात हाच प्रश्न खाजगी व्यापाराने सोडविला. लंडनच्या दक्षिणेस सदर्क भागात जॉर्ज इन नावाची पांथशाळा आहे. १६७६ च्या आगीनंतर १६७७ मध्ये ती पुन्हा बांधली गेली. रस्त्यावरून आत शिरले की मोठे अंगण, आणि अंगणाकडे तोंड करून लाकडी सज्जे, अशी तिची ठेवण. घोडागाडी अंगणात येई, मोतद्दार घोडे सोडून तबेल्यात नेई, आणि प्रवासी आत जाऊन जेवायला बसे. घोड्याच्या दाण्यागोट्याचे पैसे निराळे लागत. आज मोठ्या उपाहारगृहाच्या दाराशी गणवेशातला मनुष्य आपल्या हातून किल्ली घेतो आणि गाडी कोठेतरी नेऊन लावतो. आपण ही नवी सुधारणा समजतो. पण तो त्या मोतद्दाराचाच वंशज आहे. १८३० नंतर आगगाडी पसरली, घोडागाड्यांचे दळणवळण संपले आणि अशी अंगणे ओस पडली. जॉर्ज इनच्या सज्ज्यांपैकी बराच भाग १८८९ मध्ये एका रेल्वे कंपनीने पाडला. आज एकच बाजू शिल्लक आहे.

आगगाडी आणि ट्राम यांनी मग नगरवासीयाला एक विलक्षण मोकळीक दिली. वाहन त्याला दारापाशी सोडी आणि निघून जाई. त्याची वैरण पाहावी लागत नसे, त्याला जागा द्यावी लागत नसे. मुंबईत १८७४ मध्ये घोड्यांची ट्राम सुरू झाली, पुढे ती विजेवर चालू लागली, आणि ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम धावली. मुंबईची इराणी हॉटेले याच काळाची अपत्ये होत. नाक्यावरची जागा, दोन रस्त्यांकडे उघडणारी दारे, संगमरवरी टेबले आणि चहाबरोबर ब्रून-मस्का. या हॉटेलांना तळ नव्हता, कारण गिऱ्हाईक ट्राममधून उतरे किंवा पायी येई. नाक्यावरून जाणारी माणसे हेच त्यांचे भांडवल. पुण्याच्या पेठांतील खानावळीही अशाच चालल्या. वाड्याच्या ओसरीवर किंवा बोळाच्या तोंडाशी पंगत बसे, आणि जेवणारे विद्यार्थी, कारकून, एकटे राहणारे नोकरदार हाकेच्या अंतरावरून चालत येत.

मग खाजगी मोटार आली, आणि तिने एक चमत्कारिक गोष्ट केली. टांगा प्रवाशाला सोडून पुढच्या भाड्याला जातो. बैलगाडीवाला गावाबाहेरच्या तळावर थांबतो. खाजगी मोटार मात्र मालकाला घेऊन थेट दारापर्यंत येते आणि तो जेवत असेतो, मालकाच्या पानाला लागते त्याच्या कितीतरी पट जागा अडवून, रिकामी उभी राहते.

याचा पहिला मोठा अनुभव अमेरिकेने घेतला. फोर्डची 'मॉडेल टी' मोटार १९०८ मध्ये बाजारात आली आणि १९१३ पासून सरकत्या साखळीवर तिची जुळणी होऊ लागली. पुढच्या सात वर्षांतच लॉस एंजेलिस शहराच्या मध्यवस्तीत उभ्या मोटारींमुळे ट्रामगाड्या अडकू लागल्या. तेव्हा १० एप्रिल १९२० पासून नगरपालिकेने दिवसाच्या कामाच्या वेळी तेथील रस्त्यांवर मोटारी उभ्या करण्यास बंदी घातली. रस्ते मोकळे झाले, ट्रामगाड्या वेळेवर धावू लागल्या. पण दुकानांचा धंदा बसला. व्यापाऱ्यांनी ओरड केली, क्लारा किंबल यंग या चित्रपट-अभिनेत्रीने मोटारींच्या निषेध-मिरवणुकीत भाग घेतला, आणि महिना उलटण्यापूर्वीच ती बंदी सायंकाळच्या गर्दीपुरती उरली. रोमने जो निर्णय घेतला होता, त्याच्या नेमका उलट निर्णय लॉस एंजेलिसने घेतला. पुढच्या शंभर वर्षांवर त्याची छाया पडलेली आहे.

व्यापाऱ्यांनी आता मोटारीलाच गिऱ्हाईक मानले. १९२१ मध्ये टेक्सस राज्यातील डॅलसजवळ 'पिग स्टँड' हे उपाहारगृह निघाले. तेथे मोटारीतून उतरण्याचेही कारण नव्हते. पोरे धावत येऊन पायरीवर उडी मारीत, मागणी घेत आणि खाद्यपदार्थ मोटारीतच आणून देत. १९२९ मध्ये लॉस एंजेलिसला 'बुलक्स विल्शर' हे भव्य भांडार उघडले. त्याचे रस्त्यावरचे दार शोभिवंत होते, परंतु गिऱ्हाइकांचे खरे महाद्वार मागे होते, जेथे मोटारींचा तळ होता. पाचव्या मजल्यावर चहापानाचे दालन होते. मोटार खाली सोडावी, खरेदी करावी, वर जाऊन फराळ करावा आणि शहराच्या रस्त्यावर पाऊलही न टाकता घरी परतावे! नगराने आपले तोंड फिरविले ते येथे.

याच सुमारास तळाचे मोल कोणी द्यावे, या प्रश्नाला दोन उत्तरे मिळाली. एक उत्तर ओक्लाहोमा सिटीने दिले. तेथील वृत्तपत्राचे संपादक कार्ल मॅगी यांनी चालना दिल्यावरून होल्गर थ्यूसन आणि जेराल्ड हेल या दोघा अभियंत्यांनी एक यंत्र तयार केले, आणि १६ जुलै १९३५ रोजी जगातील पहिले पार्किंग मीटर तेथे बसले. पाच सेंटांचे नाणे टाकावे आणि तासभर मोटार उभी करावी. आरंभी ते रस्त्याच्या एकाच बाजूला लावले होते. त्या बाजूच्या दुकानांपुढे जागा रिकामी होऊ लागली, गिऱ्हाइके येऊ लागली. हे पाहून समोरच्या बाजूचे दुकानदारही मीटर मागू लागले. जो जागा वापरतो तो मोल देतो, आणि मोल द्यावे लागते म्हणून वेळेवर उठतो, असा तो साधा न्याय होता.

दुसरे उत्तर याहून गोड होते, म्हणून तेच अधिक पसरले. ओहायो राज्यातील कोलंबसने १९२३ मध्ये सदनिकांच्या इमारतींना आणि कॅलिफोर्नियातील फ्रेस्नोने १९३९ मध्ये हॉटेले व रुग्णालये यांना आपल्या आवारात मोटारींसाठी जागा ठेवण्याची सक्ती केली. दुसऱ्या महायुद्धानंतर हा नियम अमेरिकेतील बहुतेक नगरांनी उचलला. उपाहारगृहांना तर तो फारच कडक लागला. जेवणघराच्या दर हजार चौरस फुटांमागे दहा मोटारींची जागा, हे प्रमाण पुष्कळ ठिकाणी रूढ झाले. आता आपण थोडे गणित करू. एक मोटार उभी करावयास आणि तिला आत-बाहेर करावयास सुमारे सव्वातीनशे चौरस फूट लागतात. दहा मोटारींना सव्वातीन हजार झाले. म्हणजे माणसांनी जेवण्यासाठी एक हजार, आणि त्यांच्या मोटारींनी थांबण्यासाठी सव्वातीन हजार! ज्याला उपाहारगृह काढावयाचे, त्याने आधी त्याच्या तिपटीहून मोठा तळ विकत घ्यावा. जुन्या गल्लीत हे शक्यच नव्हते. तेव्हा नवी उपाहारगृहे गावाबाहेर गेली, जुन्या पेठा भणंग झाल्या, आणि कित्येक ठिकाणी तळ करण्यासाठी जुन्या इमारतीच पाडण्यात आल्या.

हा तळ फुकट असे, असे म्हणतात. फुकट म्हणजे काय? जमिनीची किंमत, फरसबंदी, दिवे, राखण या सर्वांचा खर्च उपाहारगृहवाल्यालाच करावा लागे, आणि तो पदार्थांच्या किमतीत मिसळून जाई. मोटारीने आलेल्याला आपण काही दिले असे वाटत नसे. आणि पायी आलेला, बसने आलेला, म्हातारा, विद्यार्थी, यांच्याही बशीत तो खर्च वाढला जाई. घोड्याच्या दाण्याचे पैसे घोडेस्वाराकडूनच घेणारा जॉर्ज इनचा मालक या बाबतीत अधिक न्यायी म्हणावा लागेल.

खुद्द उपाहारगृहांनाही हे मोटारींचे बिऱ्हाड जड होऊ लागले. मॅकडॉनल्ड बंधूंनी १९४० मध्ये सान बर्नार्डिनो येथे मोटारीत बसून खाण्याचे उपाहारगृह काढले होते. धंदा उत्तम होता. पण टोळकी तळावर तासन् तास मोटारी लावून बसत. १९४८ मध्ये त्यांनी काही महिने दुकान बंद ठेवले, मोटारीपर्यंत वाढणाऱ्या मुलींना रजा दिली, पदार्थ मोजके केले आणि खिडकीशी येऊन पंधरा सेंटांचा हॅम्बर्गर घेऊन जाण्याची पद्धत सुरू केली. या झटपट पद्धतीचा पसारा पुढे जगभर झाला. तिच्या मुळाशी तळ अडवून बसणाऱ्या मोटारींचा वैतागही होता, हे क्वचितच सांगितले जाते.

आपल्या देशातही मोटारीत बसून खाण्याचा एक गोड प्रयोग झाला. उडुपीच्या बाजूचे के. कृष्णराव यांनी वुडलँड्स या नावाने मद्रासेत हॉटेलांचा व्यवसाय उभा केला, आणि १९६२ मध्ये कॅथीड्रल रोडवर 'वुडलँड्स ड्राइव्ह-इन' निघाले. गर्द झाडी, झाडांखाली उभ्या मोटारी, खिडकीला अडकविलेले ताट, त्यात इडली-डोसा, आणि वाफाळती कॉफी. विद्यार्थी, वकील, लेखक तेथे तासन् तास बसत, पुष्कळसे तर मोटारीवाचूनच. २००८ मध्ये ते बंद झाले. जमिनीच्या मालकीचा वाद सरकारच्या बाजूने लागला, आणि २०१० मध्ये तेथे सेम्मोळी पूंगा हे सार्वजनिक उद्यान झाले. लोक हळहळले. पण ते जेवण सुखाचे का होते, याचा विचार केला तर उत्तर सापडते: शहराच्या ऐन मध्यावर एवढी मोठी झाडांची जागा वाट्याला आली होती म्हणून. वाढत्या नगरात असे तळ दहा उपाहारगृहांना देता येत नाहीत.

अमेरिकेत या साऱ्या प्रकाराचा हिशेब मांडणारा मनुष्य शेवटी भेटला. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी विद्यापीठाशेजारच्या वेस्टवुड व्हिलेज या पंधरा चौकांच्या भागात जागा शोधत फिरणाऱ्या मोटारींची पाहणी केली. तेथे दर मोटार जागेसाठी सरासरी सुमारे सव्वातीन मिनिटे, म्हणजे अर्धा मैल हिंडत होती. हे अंतर क्षुल्लक वाटते. परंतु वर्षाची बेरीज साडेनऊ लाख मैल झाली. पृथ्वीला अडतीस प्रदक्षिणा घालण्याइतकी! रस्त्यावरची जागा स्वस्त आणि तळावरची महाग, म्हणून प्रत्येक जण स्वस्ताच्या आशेने फिरत राहतो, असे त्यांचे निदान होते. २००५ मध्ये त्यांनी 'फुकट पार्किंगची भारी किंमत' अशा अर्थाच्या नावाचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. २०२५ च्या फेब्रुवारीत ते वारले.

त्यांचे आवडते उदाहरण जुन्या पॅसाडेना या पेठेचे. एके काळी उत्तम असलेली ही पेठ १९७० च्या सुमारास पार खालावली होती. जुन्या इमारतींत उपाहारगृह काढावे तर तळाची सक्ती आडवी येई. पुढे नगरपालिकेने अशी सवलत दिली की, स्वतःचा तळ नसला तरी चालेल, सार्वजनिक तळातील जागेपोटी वार्षिक फी द्यावी. रस्त्यावर मीटर बसविण्यास मात्र व्यापाऱ्यांचा विरोध होता. गिऱ्हाईक पळेल, ही भीती. प्रत्यक्षात दुकानांपुढच्या जागा दुकानांतील नोकर-मालकच दिवसभर अडवून ठेवीत होते. शेवटी नगरपालिकेने वचन दिले की, मीटरचे उत्पन्न याच पेठेच्या पदपथांवर, झाडांवर आणि दिव्यांवर खर्च होईल. विरोध मावळला, आणि १९९३ मध्ये मीटर बसले. पदपथ सुधारले, बोळ स्वच्छ झाले, आणि उपाहारगृहांची रांग उभी राहिली. गिऱ्हाईक पळाले नाही; उलट त्याला जागा सापडू लागली. शूप यांचे सूत्र एवढेच होते: मोल असे असावे की, प्रत्येक चौकात एक-दोन जागा सदैव रिकाम्या राहाव्यात.

अमेरिकेचे मत आता पालटू लागले आहे. बफेलो शहराने २०१७ मध्ये तळाची सक्ती काढून टाकली. कॅलिफोर्निया राज्याने २०२२ मध्ये कायदा करून, महत्त्वाच्या सार्वजनिक वाहतूक-स्थानकापासून अर्ध्या मैलाच्या आत, बहुतेक बांधकामांवरची ती सक्ती नगरपालिकांना मना केली. जपानने तर १९६२ मध्येच मोटार घेणाऱ्याला आपल्या तळाचा पुरावा देण्याचे बंधन घातले होते.

आणि आपण? आपल्या राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत उपाहारगृहांसाठीही वाहनतळाचे किमान प्रमाण ठरविलेले आहे. पुणे महानगरपालिकेने २०१८ मध्ये रस्त्यावरच्या जागेचे मोल घेण्याचे धोरण मंजूर केले. त्याला मोठा विरोध झाला आणि ते मोजक्या रस्त्यांपुरते आखडावे लागले. लक्ष्मी रस्त्यावर सम-विषम तारखांच्या पाट्या वाचीत आपण दुचाकी लावतो, ती पदपथाला टेकवितो, आणि चालणाऱ्या आजीबाई रस्त्यावर उतरतात. हे दृश्य इतके परिचयाचे झाले आहे की त्यात कोणाचे काही चुकते, असे आपल्याला वाटतच नाही.

मोटार ही पापाची वस्तू आहे, असे मी म्हणत नाही. अधू आई-वडिलांना घेऊन जेवावयास जाणाऱ्याला दाराशी गाडी नेता आली पाहिजे, किंबहुना त्याच्यासाठी जागा राखलेली असली पाहिजे. परंतु ती जागा आपण धडधाकट माणसेच दोन-दोन तास अडवून ठेवतो. प्रश्न मोटार असावी की नसावी, हा नाही. गाडीतळाचे मोल उघडपणे गाडीवाल्याने द्यायचे, की गुपचूप सर्व पंगतीकडून घ्यायचे, हा आहे. पहिला मार्ग पत्करला, तर बोळातील खानावळ जगेल. हाताशी थोडे भांडवल असलेला एखादा होतकरू मनुष्य चार टेबले टाकून नवी काढू शकेल. दुसराच मार्ग चालू ठेवला, तर तिपटीची जमीन घेऊ शकणारेच आपल्याला जेवू घालतील, आणि तेही गावाबाहेर.

आजचे व्याख्यान संपल्यावर आपल्यापैकी पुष्कळ जण काही खाऊन मग घरी जातील. एक विनंती करतो. गाडी येथेच, जेथे लावली आहे तेथेच, आणखी घटकाभर राहू द्यावी. आणि जवळच्या एखाद्या जुन्या खानावळीपर्यंत चालत जावे. तिच्या दारापुढे एरवी उभ्या असणाऱ्या गाड्यांची जागा आज मोकळी दिसली, तर ती तिथून येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांना किती पुरते, तेही पाहावे.